खंडेनवमीचे चाकू

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

सोलांजबाईंचा मेल आला. अकरा ऑक्टोबरला त्या माझा संग्रह पाहायला भिवंडीला येणार आहेत.

डिसेंबरात त्या मुंबईत प्रदर्शन भरवत आहेत. फ्रान्समध्ये हातानं घडवलेले खिशातले चाकू आणि छोटी अवजारं, भारतातल्या लोकांनी जमवलेली. बाई तीन संग्रह पाहून निवड करणार: बंगळूरचं एक जोडपं, पुण्याचे एक गृहस्थ आणि मी. प्रत्येक वस्तूखाली पाटी असेल. वस्तू, काळ, मालकाचं नाव, गावाचं नाव.

त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी मी हे सगळं करणार आहे. संग्राहकांच्या ग्रुपवर पुण्याच्या गृहस्थांनी मला मागे विचारलं होतं, "भिवंडीत? तिथे तर लूम आणि गोडाऊन, ना?" मी लिहिलं, "हो. आणि मी." त्यावर त्यांनी हसरा चेहरा पाठवला. त्या चेहऱ्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

काम मोठं आहे, म्हणून ही वही सुरू करते आहे. रोज लिहिणार नाही. लिहिण्यासारखं असेल तेव्हा लिहीन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळे चाकू काढून टेबलावर मांडले. सून भाविका मदतीला आली. तिला नीट समजावलं. वरच्या खणात नवे: आजच्या कारागिरांनी केलेले, न गंजणाऱ्या पोलादाचे, चकचकीत. खालच्या खणात जुने: साध्या पोलादाचे. हे पोलाद वापरून वापरून काळवंडतं. फळांचा रस, पाव, मांस, माणसाचा घाम, सगळ्याचा थर त्यावर चढतो. निळसर, राखाडी, मध्येच मोरपिशी. तो मळ नाही, पात्याचं वय आहे. तो गेला की चाकू राहतो, पण त्याची किंमत आणि जन्मपत्रिका दोन्ही जातात.

"म्हणजे पुसायचंच नाही, आई?"

"मऊ फडका, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दर रविवारी. आणि ते मी करते."

केसरीनाथ, म्हणजे आमचे हे, दारात उभे राहून ऐकत होते. चाकूंच्या खोलीत ते सहसा येत नाहीत. तीस वर्षं मी हे जमवते आहे आणि त्यांनी एकदाही एकाही चाकूला हात लावलेला नाही. आज मात्र आत आले आणि द्राक्षवेलींची छाटणी करायचा बाकदार पात्याचा चाकू बराच वेळ पाहत राहिले.

"ह्यो तर इला हाय," म्हणाले. "बारक्या पोराचा इला."

"विळा नाही. छाटणीचा चाकू. एकोणीसशे दहाच्या आसपासचा."

"प्रोफेसरबाय, वाकलेला पाता आन् आतून धार. आमी त्याला इलाच म्हंतो."

आणि गेले. माणकोलीची शेतं गेली, गोडाऊन उभी राहिली, भाडं घरबसल्या येतं. पण ह्यांना प्रत्येक गोष्टीत अजून शेतच दिसतं. निवृत्त माणसानं एखादा छंद लावून घ्यावा. मी किती वेळा सांगितलं.

२० सप्टेंबर, शनिवार

माजिदा आली होती. कॉलेजची मैत्रीण, आता तिच्या नवऱ्याचे लूम तिचा मुलगा अदनान चालवतो. माझा पहिला चाकू तिच्याच सासऱ्यांच्या कारखान्यात मिळालेला, म्हणून तिला या सगळ्यावर आपला हक्क वाटतो.

ती गोष्ट लिहून ठेवते. पाटीवर नसली तरी कुठेतरी असावी. एक फ्रेंच व्यापारी कापड बघायला आला होता. त्याच्याशी इंग्रजी बोलायला कोणी धजत नव्हतं, म्हणून माजिदानं मला बोलावलं. केमिस्ट्रीची बी.एस्सी. झालेली दुसरी बाई तेव्हा आमच्या आळीत नव्हती. जेवणानंतर पेरू आले. त्यानं खिशातून चाकू काढला, पेरूच्या फोडी केल्या, पातं पँटला पुसलं आणि मिटलं. मिटताना असा आवाज आला की मी बोलायचं विसरले. टक्. एवढाच. पण कुठलीही गोष्ट इतकी नेमकी मिटताना मी पाहिली नव्हती. त्यानं तो मला देऊ केला आणि हात पुढे केला: आधी एक नाणं द्या. त्यांच्याकडे चाकू फुकट देत नाहीत, मैत्री कापली जाते. मी म्हटलं, आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. मग त्यानं तो खाली ठेवला, मी रुपया खाली ठेवला आणि दोघांनी आपापलं उचललं.

"आणि माझे सासरे म्हणाले, ये दोनों पागल हैं," माजिदानं शेवट केला. हे वाक्य ती दर वेळी म्हणते.

"अगं, पण ती बाई बघायला येतेय म्हणजे स्थळच आलं म्हणायचं," ती म्हणाली. "कोणाला पुढे बसवणार आहेस?"

"मेंढपाळाला."

मेंढपाळ म्हणजे माझा सर्वात जुना चाकू. फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरचा, दीडशेएक वर्षांपूर्वीचा. शिंगाची मूठ, टोकांना पितळ, कसलीही नक्षी नाही. मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस. देऊळ लांब असलेला मेंढपाळ चाकू पावात उभा रोवायचा आणि त्या क्रुसापुढे प्रार्थना करायचा. पातं जांभळट काळं, पावसाळी आभाळासारखं. निवृत्तीच्या पैशांतली मोठी रक्कम मी त्यावर घातली. मितेश म्हणाला होता, "आई, एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती." मी म्हटलं, गाडी गंजते.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं पुसून, तेल लावून, क्रमानं ठेवलं. उद्या पडघ्याला बहिणीकडे जाते आहे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि तिची सून नोकरीवाली. दसऱ्याला दुपारी परत.

कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी, शिलाई मशीनच्या झाकणाखाली. कोणाला माहीत नाही.

जाताना ह्यांना म्हटलं, दसऱ्याला गाडीची पूजा करून घ्या, मी नसले तरी. "गाडीची?" म्हणाले. "हां. गाडीची." आणि खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, कंटेनर उभे होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

परत आले. घर नीट होतं. गाडीला हार होता, एक लिंबूही. देव्हाऱ्यासमोर पाट अजून तसाच पडलेला, त्याच्याभोवती भाविकानं मोठी रांगोळी काढलेली. गाडीची पूजा अंगणात आणि पाट घरात कशाला, कळलं नाही, पण सणाच्या दिवशी तोंड उघडलं नाही.

मोरीपाशी अर्धी वीट पडली होती. जानकीबाईंनी फरशी घासायला आणली असणार. उचलून बाहेर टाकली. कामवालीला ब्रश दिला तर तो नको, हिला वीट हवी.

ह्यांची नखं लाल होती. म्हटलं, कुंकवाचे हात नीट धुवा, भिंतींना लागेल. ताबडतोब उठून धुऊन आले. एरवी तीनदा सांगावं लागतं. सोनं देताना मला वाकून म्हणाले, "सोन्यासारखी रहा." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, असं कधी म्हणाले नव्हते. बहुतेक मी चार दिवस नसल्यानं शिस्त लागली.

५ ऑक्टोबर, रविवार

खालचा खण उघडला आणि आधी वास आला. खोबरेल तेल.

सातही जुने चाकू चमकत होते. लग्नातल्या भांड्यांसारखे. पितळ चिंचेनं घासून सोन्यासारखं पिवळं केलेलं. पाती पांढरी. मेंढपाळाच्या पात्यावर आडव्या बारीक रेघा, कोणीतरी भुकटी घेऊन जोर लावून, मनापासून घासल्याच्या. दीडशे वर्षं गेली. सगळी गेली.

मी खुर्चीवर बसले. आधी मी एवढंच केलं.

चकचकीत नव्या चाकूंना हात लावलेला नव्हता. जे काळे दिसले तेच काढले आणि 'साफ' केले. ज्याला काळं म्हणजे घाण एवढंच कळतं, त्याचं हे काम. घरात आहेत किती जण! मितेश सकाळी जातो, रात्री येतो. ह्यांनी तीस वर्षांत हात लावलेला नाही. मी भाविकाला हाक मारली.

ती आली, खण पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणजे तिला माहीत होतं.

"हे तू केलंस?"

तिनं दाराकडे पाहिलं. दारात हे होते. ती म्हणाली, "आई, तुम्हाला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा."

"दुसऱ्या कोणावर रागवू? बारा तारखेला बसून समजावलं होतं ना तुला? वय म्हणजे काय ते?"

"हो आई."

"मग?"

"चांगल्या मनानं झालंय, आई."

चांगल्या मनानं! मी जे बोलायचं ते बोलले. आवाज चढवला नाही, वर्गातही कधी चढवत नसे. भाविका मान खाली घालून ऐकत राहिली. रडली नाही, हे मी तिच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

दुपारी ह्यांच्या आवडीचं बोंबलाचं कालवण होतं, तरी हे अर्ध्यावर उठले. चिंच जास्त झाली म्हणाले. मला तर बरोबर लागली.

६ ऑक्टोबर, सोमवार

रागावून चाकू काळे होत नाहीत. विचार केला.

काळे मात्र करता येतात. मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आहे. व्हिनेगर, चहा, लिंबाचा रस, थोडी उष्णता. स्वयंपाकघरातली एक नवीकोरी लोखंडी सुरी घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर शंभर वर्षं चढवली. निळा, राखाडी, कडेला तपकिरी. माजिदाला दाखवली. तिनं चष्मा लावून पाहिली.

"या अल्लाह. ही तर माझ्यापेक्षा म्हातारी दिसते."

"सकाळी नवी होती."

"मग अडलंय काय? मेंढपाळालाही थोडा मेकअप कर. त्या बाईला कोण सांगायला जाणार? मी नाही."

ती गेल्यावर मी ती सुरी हातात घेऊन बसले. हुबेहूब होती. सोलांजबाईंनाही कदाचित कळलं नसतं. पुण्याच्या गृहस्थांना तर नक्कीच नाही.

पण पाटीवर लिहिलं असतं: अमुक वर्ष, मालक मी, भिवंडी. आणि त्यातलं एक तरी खोटं असतं. आमच्या गावाचं नाव आधीच लोक नाक मुरडून घेतात. पहिल्यांदा चांगल्या जागी लागायचं, तर ते खोट्या पात्याखाली लावणार नाही. मुलांनी प्रयोगाचं उत्तर पुस्तकातून उतरवलं की मी शून्य देत असे. स्वतःला कसे मार्क देऊ?

सुरी भांड्यांत परत टाकली.

८ ऑक्टोबर, बुधवार

सोलांजबाईंना काल मेल केला. सरळ लिहिलं: सर्वात जुन्या सात चाकूंची पाती माझ्या घरात घासली गेली आहेत. जबाबदारी माझी. आता यायचं की नाही, तुम्ही ठरवा.

आज उत्तर आलं. एकच ओळ: "येते. जेवायला मासे असतील का?"

माणूस सरळ दिसतो.

हे दोनदा चाकूंच्या खोलीपर्यंत आले आणि "कायतरी सांगायचा व्हता" म्हणून परत गेले. मी म्हटलं, लाइट बिलाचं असेल तर मितेशला सांगा, माझं डोकं जागेवर नाही. भाविका त्यांना चहा देताना हळूच म्हणाली, "बाबा, सांगून टाका." तेही बिलाचंच असणार. सासरा-सून मिळून एक बिल भरू शकत नाहीत.

११ ऑक्टोबर, शनिवार

हात दुखेपर्यंत लिहावं लागेल, पण आजच लिहिते.

सोलांजबाई उशिरा पोचल्या. माणकोलीला कंटेनर आडवा झाला होता. साठीच्या, आखूड केसांच्या, पायात जाड बूट. आल्या आल्या म्हणाल्या, "रस्त्यानं माझी हाडं मोजली." मी म्हटलं, आमची रोज मोजतो.

वरचा खण आधी दाखवला. त्या प्रत्येक चाकू उघडायच्या, कानाशी नेऊन मिटायच्या. टक्. टक्. मला त्या क्षणी आवडल्या. थिएर या फ्रान्समधल्या चाकूंच्या गावातल्या एका तरुण कारागीर बाईनं केलेले दोन चाकू त्यांनी बाजूला ठेवले. एकाची मूठ जुन्या द्राक्षवेलीच्या लाकडाची, दुसऱ्याची काळ्या शिंगाची. "हिचं काम फ्रान्समध्येही फार थोड्यांकडे आहे," म्हणाल्या. "तुम्हाला कशी सापडली?" मी म्हटलं, तिच्या स्प्रिंगचा आवाज एका व्हिडिओत ऐकला आणि पत्र लिहिलं. पाच वर्षांपूर्वी, तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं. सोलांजबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. तो कटाक्ष मी वहीत लिहून ठेवते आहे, कारण तो मिळवलेला आहे.

मग खालचा खण.

मेंढपाळ त्यांनी उजेडाला धरला. रेघा पाहिल्या. तोंडातून एक बारीक आवाज निघाला, आपण पडलेलं मूल पाहून काढतो तसा. "हा आता जुन्यांच्या विभागात ठेवता येणार नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत आहे.

मग त्यांनी भिंग काढलं. पात्याच्या बुडाशी, स्प्रिंगच्या फटीत, सुईनं काहीतरी टोकरलं आणि कागदावर ठेवलं. लाल कण.

"गंज?" मी विचारलं.

"गंज इतका लाल नसतो."

भाविका पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. ती काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कुंकू हाय ता."

हे आत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसा लग्नाला घालतात. पाहुण्याकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलले.

"मीच घासली. किल्ली मशीनखाली असते, ता घरान सगल्यांना ठावं हाय. खंडेनवमीला. इटेची पूड केली, चिंच भिजवली. सुनेनं सांगितला व्हता, बाबा, नका घासू, आईना इचारा. मी आयकला न्हाय. तिला दम दिला, आईना सांगशील तर बघ. तिचा काय पन दोष न्हाय."

मी सहा दिवस त्या मुलीशी कामापुरतं बोलत होते.

"पण का?" मी विचारलं.

"का म्हंजे? नवमीला हत्याराची पूजा करतान. बापाच्या येलेला पाट भरून जायाचा. इलं, कोयतं, कुदल, नांगराचा फाल. आदल्या रोजी इटेनं घासून लखलखीत करायची, खोबऱ्याचा तेल लावायचा. जमीन गेली, हत्यारा भंगारात गेली. सात वरसं गाडीच्या बोनेटला हळद लावतो. ता काय हत्यार हाय?" मग आवाज खाली आला. "घरान हत्यारा हायत ती तुझीच. ती पन काली पडलेली. मना वाटला, हिनं एवढी जीव लावून जमवली, आन् नवमीला त्यांना कोन इचारत न्हाय."

भाविका सोलांजबाईंना इंग्रजीत सांगत होती. तिचं इंग्रजी इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटच्या वाक्याला ती अडखळली, मग सांगितलं.

मी शिक्षिका आहे, म्हणून मुठीवरचा क्रूस दाखवला आणि ह्यांना समजावलं की ही नुसती वस्तू नव्हे, हिला इतिहास आहे, मेंढपाळ हा चाकू पावात रोवून त्याच्यापुढे हात जोडायचा.

ह्यांनी क्रुसावरून अंगठा फिरवला.

"मंग त्यानं पन तेच केला," म्हणाले. "मी काय वेगला केला?"

भाविकानं हे सांगितलं तेव्हा सोलांजबाई मोठ्यानं हसल्या आणि मग डोळे पुसले.

भाविकानं फोनमधला फोटो दाखवला. पाट, लाल कापड, झेंडूची फुलं. सहा चाकू उघडून पंख्यासारखे मांडलेले आणि मधोमध तो बाकदार छाटणीचा चाकू. 'बारक्या पोराचा इला.' प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. फोटोच्या कडेला ह्यांचे जोडलेले हात, लाल नखं. चाकूंची इतकी सुरेख मांडणी मी कधी केली नव्हती, हे मान्य करायला हवं.

सोलांजबाईंनी फोटो मागितला. थिएरच्या त्या बाईचे दोन चाकू आणि हा फोटो, मोठा करून. जुन्यांच्या विभागात पुण्याच्या गृहस्थांचे चाकू जातील. जाऊ देत. आमचा कोपरा वेगळा असेल. पाटीवर काय लिहायचं, त्यांनी विचारलं. मी स्पेलिंगसकट लिहून दिलं.

मग सुरमई झाली. त्यांनी तीन तुकडे खाल्ले.

भाविकाला जेवताना मी स्वतः वाढलं. "राग आला असेल तर बोलून टाक," म्हटलं.

"नाही आई. पण तुम्ही जानकीबाईंची समजून वीट फेकलीत ना, ती बाबांनी पुढच्या वर्षासाठी ठेवली होती."

हसायचं नाही असं ठरवलं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मेंढपाळ बाहेर काढला. प्रदर्शनात जाणार नाही, जुन्यांत मोजला जाणार नाही. पातं मात्र उत्तम आहे आणि धारही. कपाटात निवृत्त करून ठेवण्यासारखं त्याला काही झालेलं नाही.

हे ओट्यावर टेबलाशी बसून पेपर वाचत होते. चाकू त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हा तुमचा. रोज वापरायचा. पण आधी मला एक नाणं द्या."

"घरान बायकोला पैसे देऊ?"

"त्यांची रीत आहे. नाहीतर नातं कापलं जातं."

त्यांनी शर्टचा खिसा चाचपला. मग पँटचा. "सुटं कोन ठेवतंय आता? ऑनलाइन चालंल काय?"

"नाही."

आत गेले आणि देव्हाऱ्यातला, नवमीच्या पूजेत ठेवलेला रुपया घेऊन आले. देवाचा रुपया कसा काय, म्हटलं. म्हणाले, "पूजा यांचीच व्हती. पैसा पन यांचाच." टेबलावर ठेवला. मी रुपया उचलला, त्यांनी चाकू.

सूचना दिल्या. वापरून झाला की कोरडा पुसायचा. पाण्यात टाकायचा नाही. चिंच नाही. विटेला हात लावलात तर परत घेईन.

"आन् नवमीला?"

विचार केला. "फूल चालेल," म्हटलं. "कुंकू कोरडं. मांडणी तुम्हीच करा."

त्यांनी लगेच पेरू कापला. सराईत हात, इतक्या वर्षांनी. फोडी बशीत पडल्या आणि पांढऱ्या पात्यावर रस सुकला तिथे एक राखाडी डाग उमटला.

"डाग पडला. घासू?"

"राहू दे."

१३ डिसेंबर, शनिवार

मुंबईला प्रदर्शन. मितेशनं गाडी काढली, भाविका आणि माजिदा मागे.

दारात सुरक्षारक्षकानं ह्यांना अडवलं. खिशात चाकू. जमा करा, टोकन घ्या. हे म्हणाले, "देत न्हाय. आत सगले चाकूच हायत ना?" रक्षक म्हणाला, "काका, आत काचेत आहेत. तुमचा खिशात आहे." नियम बरोबर होता, मी रक्षकाची बाजू घेतली. पण हे ऐकेनात. बाहेरच्या बाकावर बसले. "तू बघून ये आधी," म्हणाले. "तुझा हाय."

आत गेले. आमचा कोपरा डाव्या हाताला. काचेत द्राक्षवेलीच्या मुठीचा चाकू आणि काळ्या शिंगाचा, वर तो फोटो, भिंतभर. लोक थांबत होते. पुण्याचे गृहस्थ भेटले. गोरे, उंच, अत्यंत सभ्य. त्यांचे जुने चाकू खरोखर अप्रतिम आहेत, मी तसं सांगितलं. ते बराच वेळ आमच्या फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मी माझ्या चाकूंनी काही कापल्याचं मला आठवत नाही." मी त्यांना हसरा चेहरा दिला. खरा.

माजिदा प्रत्येकाला सांगत होती की पहिला चाकू तिच्या सासऱ्यांच्या कारखान्यातला.

बाहेर आले. म्हटलं, आता तुम्ही जा, चाकू मी सांभाळते. त्यांनी तो बाकावर ठेवला. मी उचलला. शेजारी कागदावर पेरूच्या दोन फोडी उरल्या होत्या आणि रक्षक तोंड पुसत होता.

हे आत गेल्यावर चाकू उघडला. दोन महिन्यांत पातं काळवंडलं आहे. टोकाशी राखाडी, मध्ये निळं, आणि बुडाशी, जिथे अंगठा टेकतो तिथे, नखाएवढी मोरपिशी छटा. मी व्हिनेगरनं काढली होती तशी नाही. ही एकसारखी नाही, हाताच्या सवयीनं पडलेली आहे. मिटला. टक्.

बऱ्याच वेळानं हे बाहेर आले.

"पाटी बघितलीत?" मी विचारलं.

"बघितली. तुझा नाव बारीक लिवलाय. भिवंडी मोठ्या अक्षरान."

"मीच तसं सांगितलं होतं."

"मना वाटलाच." शेजारी बसले. "एक बाय इचारत व्हती, फोटोतलं हात कोनाचं. मी सांगितला, मालकिनीच्या नवऱ्याचं."

मी चाकू बाकावर ठेवला. त्यांनी उचलला.